इंग्रज राजाचं तोंड नसलेला रुपया

परवा १७ सप्टेंबरला तालुक्यातल्या एका शाळेत मुक्तिसंग्राम दिनाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. चार भाषणं झाली, पोरं उन्हात. पाचवं माझं होतं. ते टाळलं आणि आजीच्या ट्रंकेतला चांदीचा रुपया सातवीच्या पोरांच्या हातात दिला.

एका बाजूला चारमिनार. दुसरीकडे कुणालाच न वाचता येणारी अक्षरं. रुपया हातोहात फिरला आणि एका पोरीने विचारलं, "सर, यावर इंग्रजांचा राजा कुठाय?"

मंडळी, मराठवाड्याच्या इतिहासाचं दार तिथंच उघडतं. पलीकडे इंग्रजी मुलखात नाण्यावर सहावा जॉर्ज होता, आपल्याकडे निजामाचा हाली सिक्का. सात हाली रुपये म्हणजे तिकडचे सहा. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा फडकला तेव्हा आपण निजामाच्याच राज्यात होतो. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ ला निजाम शरण आला. पण हाली सिक्का लगेच नाही गेला, तो १९५९ पर्यंत चालला! म्हणजे राज्य गेल्यावरही दहा-अकरा वर्षं बाजारात चारमिनार. हे कळल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते.

नाण्यावर हिजरी साल १३६१. म्हणजे कितवं? हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, त्यामुळे नुसती वजाबाकी चालत नाही. शेवटी गणिताच्या सरांना बोलावलं. उत्तर निघालं १९४२, 'चले जाव'चं साल.

हे सगळं एका रुपयात. आणि असे रुपये सोनाराकडे वितळतात, उर्दू-मोडी कागद रद्दीत जातात. २०२३ ला न्या. शिंदे समिती आली आणि कुणबी नोंदींसाठी घरोघरी ट्रंका उघडल्या, तेव्हा कुठे मोडी वाचणाऱ्याची किंमत कळली. दाखल्यापुरतीच कळली, ते सोडा.

शिक्षक मित्रांनो, वस्तू शाळेत जमा करून घेऊ नका, हरवली तर भांडणं होतील. पोरांना वहीत नोंद करायला लावा: कुणाच्या घरची, कुठून आली, कुणी सांगितलं. फोटो काढा, वस्तू परत द्या. बाजारात नकली नाणीही भरपूर आहेत, तेव्हा ओळखणाऱ्याला दाखवा. आणि चिंचेने घासू नका हो! आमच्या आजीने एक रुपया घासून लख्ख केलाय, त्यावरचं साल आता कुणालाच वाचता येत नाही.