जागल आणि ठासणीची बंदूक

अमेरिकेत बंदुकीचा विषय निघाला की १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती येतेच: शस्त्र बाळगणं हा तिथे लोकांचा हक्क. आपल्याकडे इंग्रजांच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने उलट केलं. परवाना असेल तरच बंदूक, आणि गोऱ्यांना त्यातून सूट! पण सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या गावाचा इतिहास लिहिताना मला दुसराच प्रश्न मोठा वाटतो. बंदूक कशासाठी?

उत्तर जागलीत आहे. वर अंबाबरव्याचं जंगल, खाली शेतं. रात्री रोही आणि रानडुकरं उतरतात. मग मचाणावर बसून गोफण, डबे, आरोळ्या. १९५९ च्या शस्त्र कायद्याला ही गरज माहीत होती. त्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. दारू, छर्रे नळीच्या तोंडातून ठासायचे, एक बार काढायचा. दुसरा भरेपर्यंत कळप पसार. हाकलायला तेवढं पुरतं. म्हणून राखण आणि शिकार एकाच खात्यात मांडणं मला पटत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. १९९७ मध्ये अंबाबरवा अभयारण्य झालं. आता पिकात शिरलेलं डुक्कर मारायचं तर कलम ११ खाली लेखी परवानगी हवी. म्हणजे एक कागद म्हणतो बंदूक ठेव, दुसरा म्हणतो झाडण्याआधी विचार. डुकरांचा कळप मात्र एका रात्रीत मका आडवा करतो.