नस काढलेली दाढ का ठणकते?

आमच्या एका सहकाऱ्यांनी खालच्या दाढेचे रूट कनाल करून घेतले होते. दोन वर्षे सगळे ठीक चालले. मग हिरडीवर एक पुटकुळी आली, फुटली, बसली आणि पुन्हा आली. "दाढेतली नसच काढून टाकली, मग आता दुखतंय काय?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. दुखते ते दाढेच्या आत नव्हे. मुळाच्या टोकाभोवतीचे हाड आणि दाताला जबड्याशी बांधून ठेवणारे तंतू दुखतात. त्यांचा दुसरा प्रश्न होता, "ही दाढ ठेवू की काढून टाकू?" या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे, आणि तो फारसा सुखाचा नाही.

दातांवरच्या किटणात सूक्ष्म जीव वळवळतात, हे डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने १६८३ साली रॉयल सोसायटीला कळवले. हे जीव करतात काय, हे नीट विचारायला मात्र दोनशे वर्षे जावी लागली. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य बर्लिनमध्ये काम करत होता. १८९०च्या दशकात त्याने मेलेल्या दंतमज्जेत, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ भागात, जंतू असल्याचे दाखवले. सूक्ष्मदर्शकातून दिसणारे कितीतरी जंतू त्याला प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते. एवढी गोष्ट ध्यानात ठेवू या, पुढे ती लागणार आहे. तोंड हे सगळ्या शरीरातील संसर्गाचे केंद्र असू शकते, अशी मांडणीही मिलरने १८९१ मध्ये केली होती.

ऑक्टोबर १९१० मध्ये विल्यम हंटर या लंडनच्या डॉक्टरांनी कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात एक भाषण केले. किडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या आणि पूल चढवून आत पू कोंडून ठेवणाऱ्या दंतवैद्यकावर त्यांनी सडकून टीका केली. ही टीका पुष्कळशी खरी होती. पण त्याच सुमारास दातांचे क्ष-किरण फोटो सर्रास निघू लागले आणि मेलेल्या दातांच्या टोकाशी काळे डाग दिसू लागले. झाले! सांधेदुखी, मूत्रपिंडाचे विकार, हृदयविकार, सगळ्याचे खापर दातांवर फुटू लागले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्ज यांनी या 'केंद्रीय संसर्गा'च्या कल्पनेला वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून दिली. वेस्टन प्राइस हे दंतवैद्य रोग्यांचे काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवत आणि ससे आजारी पडले की पुरावा मिळाला असे मानत. आपल्या एवढा जंतूंनी भरलेला दात एवढ्याशा सशाला सोसेल का, आणि काढताना तो तोंडातल्या जंतूंनी माखला नसेल कशावरून, या शंका त्यांच्या निष्कर्षांना रोखू शकल्या नाहीत.

न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन तर वेडाचे मूळही दातात शोधू लागले. आधी दात, मग टॉन्सिल, मग मोठे आतडे, अशी त्यांची काढाकाढी चाले, आणि आतड्याच्या शस्त्रक्रियेत कित्येक रुग्ण दगावले. कॉटन लबाड होते असेही म्हणवत नाही. त्यांनी स्वतःच्या मुलांचेही दात काढवले होते! श्रद्धा प्रामाणिक होती, तुलना नव्हती. दात काढलेल्यांपैकी किती बरे झाले हे ते सांगत. न काढलेल्यांपैकी किती जण आपोआप बरे झाले असते, हे मोजले जात नव्हते. नियंत्रित गट म्हणजे काय, हे वर्गात शिकवायला याहून बोलके उदाहरण आम्हाला तरी माहीत नाही.

१९३८ साली रसेल सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी संधिवाताच्या २०० रुग्णांचा आढावा घेतला. संशयित केंद्रे काढून टाकल्याने फायदा झाल्याचे दिसेना. सेसिल पूर्वी स्वतः या मताचे पुरस्कर्ते होते, म्हणून त्यांचे आम्हाला विशेष वाटते. तोवर असंख्य लोक आपल्या दातांना मुकले होते.

मूळ प्रश्न तरीही उरला होता. मुळाशी सूज येते ती मेलेल्या मज्जेमुळे की जंतूंमुळे? १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांना भोके पाडून मज्जा उघडी केली. साध्या उंदरांच्या दाढांत ती सडली आणि गळवे झाली. जन्मापासून जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या भोकांत अन्नाचे कण जाऊन बसले, तरी मज्जा जगली आणि तिच्यावर नव्या दंतिनाचे छप्पर तयार झाले. इतका स्वच्छ प्रयोग क्वचितच पाहायला मिळतो. पुढे १९७६ मध्ये स्वीडनच्या सुंडक्विस्ट यांनी मार लागून मेलेले, पण वरून अखंड असलेले दात तपासले. ज्यांच्या टोकाशी हाड झिजले होते, जवळपास त्यांच्यातच जंतू सापडले, आणि त्यांपैकी बहुतेक ऑक्सिजन न सोसणारे होते. मिलरचे जंतू का वाढत नव्हते, त्याचा उलगडा यात आहे.

मग उपचार केलेल्या दातात जंतू राहतात कुठे? झुरिचच्या वॉल्टर हेस यांनी १९१७ साली दातांच्या पोकळ्यांत रबर भरून त्यांचे साचे काढले होते. सरळ नळीऐवजी फाटे, पूल आणि आडवाटा निघाल्या. सुईसारखी हत्यारे तिथे सगळीकडे पोहोचत नाहीत. त्यात एन्टेरोकॉकस फिकॅलिससारखा चिवट जंतू असला तर तो उपाशीही तगतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइडच्या औषधात सामू ११.१ असला तरी जगतो, ११.५ला मात्र मरतो. अर्थात तो एकटा गुन्हेगार नाही, हे पुढच्या डीएनए तपासण्यांतून दिसले आहे.

प्रतिजैविकांच्या गोळ्या घेऊन हे मिटत नाही. मेलेल्या दातात रक्त जात नाही, मग औषध कसे जाणार? ताप आला किंवा सूज जबड्याखाली पसरू लागली तर गोळ्या लागतात, आणि तेव्हा दवाखाना गाठायला रात्रीचाही उशीर करू नये. एरवी मार्ग तीन: नळ्या उघडून पुन्हा साफ करणे, मुळाचे टोक शस्त्रक्रियेने कापून बंद करणे, किंवा दात काढणे. सुंडक्विस्ट यांच्याच १९९८च्या अभ्यासात, पुन्हा उपचार केलेल्या दातांपैकी ७४ टक्के बरे झाले. मूळ उभे चिरले असेल तर मात्र बहुधा दात काढावाच लागतो.

आमच्या सहकाऱ्यांची दाढ पुन्हा उघडली तेव्हा मागच्या मुळात दुसरी नळी सापडली. पहिल्या वेळी ती हाती लागलीच नव्हती. वर्षभराने काढलेल्या फोटोत टोकाचा काळा डाग बराच आकसला होता. शेंगदाणे मात्र ते अजून दुसऱ्या बाजूने खातात.