३६५ खिडक्या कुणाच्या?

पोलंडच्या दक्षिण भागात उयाझ्द नावाचं छोटं गाव आहे. तिथे एक अवाढव्य पडका महाल उभा आहे. छप्पर कधीच गेलंय, खिडक्यांच्या रिकाम्या चौकटींतून आरपार आभाळ दिसतं. नाव क्शिश्तोपूर. 'क्शिश' म्हणजे क्रूस, 'तोपूर' म्हणजे कुऱ्हाड. दोन्ही वेशीवर दगडात कोरलेले आहेत. कुऱ्हाड हे ओसोलिन्स्की घराण्याचं कुलचिन्ह.

क्शिश्तोफ ओसोलिन्स्की या बड्या सरदाराने सतराव्या शतकात हा महाल बांधून घेतला. बाहेरून किल्ल्याचे बुरूज, आत बरोक काळाचा थाट. १६४४ मध्ये काम पुरं झालं आणि १६४५ मध्ये मालक वारला. १६४९ मध्ये त्याचा मुलगा लढाईत पडला. १६५५ मध्ये स्वीडिश फौज आली आणि महाल लुटला गेला. पुढचे मालक त्याच्या काही भागात राहत होते, पण १७७० च्या सुमारास रशियन सैन्याशी झालेल्या झटापटीनंतर तेही संपलं. म्हणजे वास्तू म्हणून जितकी वर्षं मिळाली, त्याच्या दुपटीहून जास्त काळ ती अवशेष म्हणूनच उभी आहे.

तिथे सांगितली जाणारी आख्यायिका मोठी गोड आहे. वर्षाच्या दिवसांइतक्या ३६५ खिडक्या, आठवड्यांइतक्या ५२ खोल्या, महिन्यांइतकी १२ दालनं, ऋतूंइतके ४ बुरूज. तबेल्यात म्हणे घोड्यांसाठी संगमरवरी गव्हाणी आणि समोर आरसे होते!

आता दुसरं कॅलेंडर पाहू. त्या काळी पोलंडच्या सरदारांची श्रीमंती धान्यावर उभी होती. व्हिस्तुला नदीतून धान्य ग्दान्स्कच्या बंदरात जायचं, तिथून पश्चिम युरोपात. ते पिकवायची कुळं, आणि तेही वेठीने. आपल्याकडे 'वेठबिगार' हा शब्द आहेच. तिथल्या कुळाला स्वतःचं शेत सोडून आठवड्यातले काही दिवस मालकाच्या शेतात फुकट राबावं लागायचं. जमीन सोडून निघून जायचीही मुभा नव्हती.

आठवड्याला तीन दिवस धरले, तरी ५२ आठवड्यांचे १५६ दिवस होतात. म्हणजे ३६५ पैकी १५६ खिडक्या त्या कुळाने स्वतःच्या आयुष्यातून कापून दिलेल्या.

आख्यायिकेने घोड्यांच्या गव्हाणीसुद्धा लक्षात ठेवल्या. हे दिवस मात्र कुणी मोजले नाहीत. पुढे कधी एखाद्या वाड्यात गाईड खिडक्यांची संख्या सांगू लागला, की त्याला एवढंच विचारा: पैसा कुठून आला?