टेकूवरची बंदूक

१८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केले होते : एन्फील्ड रायफलची चरबी लावलेली काडतुसे. 'कारणे द्या'च्या उत्तराला तेवढे पुरायचे. ती रायफल कसली होती, जुन्या बंदुकीपेक्षा तिच्यात वेगळे काय होते आणि ती चांगली आहे हे कोणी व कसे ठरवले, हे पेपरात कधी विचारले गेले नाही. पुढे इंजिनिअरिंग करून सॉफ्टवेअरच्या नोकरीत लागले. आपले आणि दुसऱ्यांचे काम तपासण्यात दिवस जाऊ लागले, तसा त्यातला शेवटचा प्रश्न मला जास्त जवळचा वाटू लागला. एखादी वस्तू चांगली आहे हे ठरवायचे कसे? बंदुकीपुरते या प्रश्नाचे उत्तर एका साध्या वस्तूपाशी येऊन थांबते. ती वस्तू म्हणजे बंदूक ठेवायचा टेकू. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा या टेकूचाच इतिहास सांगावा असे ठरवले.

सुरुवातीचा टेकू अचूकपणासाठी नव्हताच. सोळाव्या शतकात युरोपातली मस्केट बंदूक इतकी जड होती, की सैनिक बरोबर वर बेचके असलेली एक काठी बाळगत. काठी जमिनीत रोवायची, बेचक्यात नळी ठेवायची आणि मग तोडा लावायचा. आपल्याकडेही जुन्या मराठी कागदपत्रांत जेजाला, जंबुरे, सुतरनाळा हे शब्द भेटतात. जेजाल म्हणजे लांब नळीची जड बंदूक, ती टेकवूनच उडवायची. जंबुरा आणि सुतरनाळ उंटाच्या पाठीवरून चालत. गडांच्या तटबंदीत ज्या जंग्या आपण सहलीत पाहिल्या, त्यांतून बंदुकीचा मारा करताना दगडाचाच आधार मिळे. या सगळ्या टेकूंचे काम वजन पेलणे एवढेच होते. तेव्हाची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी नळीपेक्षा किंचित लहान. गोळी नळीत इकडेतिकडे आपटत बाहेर पडे. शेवटची आपट जिकडे बसेल, तिकडे ती वळे. अशा बंदुकीला कितीही पक्का टेकू दिला, तरी गोळीचा भरवसा नसे.

टेकूचा उपयोग तपासणीसाठी करणाऱ्यांत बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाचे नाव आधी घ्यावे लागते. १७४२ मध्ये त्याचे 'न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी' हे पुस्तक आले. गोळीचा वेग मोजण्यासाठी त्याने लोलक वापरला. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, ठोकळा किती मागे झुलला ते मोजायचे आणि त्यावरून वेग काढायचा. ऑयलरसारख्या मोठ्या गणितज्ञाने या पुस्तकाचा जर्मन अनुवाद करून त्यावर टीपा लिहिल्या. रॉबिन्सचा आणखी एक प्रयोग मला विशेष आवडतो. त्याने बंदुकीची नळी पक्की बसवली, तिच्यापुढे ठराविक अंतरांवर अगदी पातळ कागदाचे पडदे उभे केले आणि गोळी त्यांतून पार जाऊ दिली. प्रत्येक पडद्यावरचे भोक म्हणजे गोळीच्या वाटेवरची एक खूण. या खुणांवरून दिसले, की गोळी वर-खाली वाकतेच, शिवाय ती डावी-उजवीकडेही वळते. हे गोळीच्या फिरण्यामुळे होते, असे त्याने दाखवले. नळी हातात धरली असती, तर हा दोष नेम धरणाऱ्याच्या माथी गेला असता. नळी पक्की असल्यामुळे माणूस संशयितांच्या यादीतून बाहेर पडला.

आटेदार नळीचे मर्म ज्या राष्ट्राला आधी कळेल, त्याचे सैन्य वरचढ ठरेल, असेही रॉबिन्सने लिहून ठेवले. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला. त्याचे भाकीत खरे ठरायला मात्र शंभर वर्षे लागली.

१८५३ ची एन्फील्ड रायफल ही त्या भाकिताची सैन्यापर्यंत पोचलेली आवृत्ती. तिच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता. आतले आटे ७८ इंचांत एक वळसा घेत, म्हणजे पीळ अगदी सैल होता. ती कारखान्यात यंत्रावर कशी करावी, याचा सल्ला ब्रिटिश सरकारने १८५४ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे मागितला. इंजिनिअरिंगला गेलेल्यांना हे नाव नवे नाही. नट-बोल्टच्या आट्यांचे एक प्रमाण ठरवून देणारे ते हेच. व्हिटवर्थ म्हणाले, कारखान्याचे नंतर पाहू. चांगली रायफल कशाला म्हणायचे, हेच अजून ठरलेले नाही, ते आधी प्रयोगाने ठरवू. त्यासाठी मँचेस्टरजवळ त्यांच्या घराच्या आवारात ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधण्यात आली. वाऱ्याचा परिणाम होऊ नये म्हणून ती बंदिस्त होती. ही गॅलरी वादळात पडली आणि पुन्हा बांधावी लागली. गोळीची वाट पाहण्यासाठी आत पातळ कागदाचे पडदे लावले होते. पद्धत रॉबिन्सचीच, फक्त मोजमाप जास्त काटेकोर.

त्या प्रयोगांतून व्हिटवर्थ यांची स्वतःची रायफल निघाली. नळी ०.४५१ इंचाची आणि आतून षटकोनी. पीळ २० इंचांत एक वळसा. एप्रिल १८५७ मध्ये हाइथ येथे ती एन्फील्डच्या तुलनेत तपासली गेली. नेम मध्यावर बसला की नाही, यापेक्षा सगळ्या गोळ्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या, याला तिथे महत्त्व होते. ५०० यार्डांवर एन्फील्डच्या गोळ्या गटाच्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट लांब पडल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट, म्हणजे जेमतेम साडेचार इंच.

आता तारखांकडे पाहा. मंगल पांडे यांनी बराकपूरला बंदूक उचलली ती २९ मार्च १८५७ रोजी. त्यांना फाशी झाली ८ एप्रिलला. हाइथला एन्फील्डची चाचणी झाली, तो महिना हाच. आटेदार नळीत गोळी नीट उतरावी आणि दारूची काजळी धरू नये, म्हणून काडतुसाला वंगण लागत होते. ते कागदी काडतूस दातांनी फाडायची कवायत होती. फुटाइंचांचा हिशेब दोन दशांश स्थळांपर्यंत झाला, पण ज्याच्या तोंडाला ते काडतूस लागणार होते त्याला कोणी विचारले नाही. टेकूवर बंदूक ठेवून माणूस प्रयोगातून बाजूला काढता येतो. सैन्यातून, आणि एकूणच व्यवहारातून, तो तसा काढता येत नाही. आपल्या शालेय इतिहासातल्या त्या दोन ओळींचा अर्थ मला आज असा लागतो.

व्हिटवर्थ रायफल महाग होती, तिची नळी लवकर काजळत असे, त्यामुळे ती ब्रिटिश सैन्याची मुख्य बंदूक झाली नाही. टेकूच्या इतिहासात मात्र तिचा एक मानाचा दिवस आहे. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनला नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचे उद्घाटन झाले. लोखंडी टेकूवर व्हिटवर्थ रायफल आधीच नेम लावून बसवलेली होती. राणी व्हिक्टोरियाने चापाला बांधलेली रेशमी दोरी ओढली आणि ४०० यार्डांवरच्या टार्गेटवर गोळी मध्यापासून सव्वा इंचावर लागली. टाळ्या राणीला मिळाल्या असतील. नेम मात्र टेकूचा होता.

या विषयाचा सगळ्यात चिवट विद्यार्थी अमेरिकेत निघाला. डॉ. फ्रँकलिन मान हे मॅसॅच्युसेट्समधले. शिक्षणाने डॉक्टर, पण कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे कापणाऱ्या यंत्रांच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला आणि तो रायफलच्या प्रयोगांत घातला. त्यांचा प्रश्न सोपा होता. एकच रायफल, एकच दारू, एकच गोळी, तरी दोन गोळ्या एका भोकातून का जात नाहीत? त्यांनी जमिनीत काँक्रीटचा भक्कम ओटा बांधला आणि त्याला 'शूटिंग जिब्राल्टर' असे नाव दिले. त्यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असलेला टेकू होता. लाकडी दस्ता काढून टाकलेली नुसती नळी कड्या बसवून त्या खाचेत ठेवत. बार उडाला, की नळी खाचेतून सरळ मागे सरके आणि पुन्हा त्याच जागी आणून ठेवता येई. त्यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्याही झाडून पाहिल्या. गोळीचे टोक चेपले तर फारसे बिघडत नाही, पण तिचा तळ वाकडा असेल तर ती भरकटते, हे त्यांना दिसले. सगळ्यांचे लक्ष टोकाकडे होते, दोष मात्र तळात निघाला. अनेक वर्षांच्या या कामाचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. बंदुकीच्या तपासणीवर लिहिणारे आजही त्याचा उल्लेख करतात.

मग टेकू निवडायचा कसा? इतिहास सांगतो, की आधी प्रश्न ठरवा. काडतुसांचा कोणता प्रकार किंवा दारूचे कोणते प्रमाण या नळीला मानवते, एवढेच पाहायचे असेल, तर टेकू मानच्या ओट्यासारखा हवा. जड, न हलणारा आणि दर बारानंतर बंदूक त्याच जागी आणणारा. माणसाचा हात त्यात जितका कमी, तितके उत्तर स्वच्छ. पण एखाद्याच्या रायफलचा नेम जुळवायचा असेल, तर शिकंजा कामाचा नाही. शिकंजात आवळलेली बंदूक वेगळी उसळते, खांद्याला लावलेली वेगळी. तिथे वाळूची पिशवीच बरी. पुढची पिशवी दस्त्याच्या लाकडाखाली ठेवायची, नळीखाली कधीच नाही. बार उडताना नळी थरथरते. ती कशाला टेकली असेल, तर गोळी दुसरीकडेच जाते. मागची छोटी पिशवी दस्त्याच्या टाचेखाली घ्यायची आणि ती हाताने दाबून नेम वर-खाली करायचा. दर वेळी दस्ता त्याच जागी टेकवायचा. आणि तीन गोळ्यांच्या गटावर खूश व्हायचे नाही. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात, दहा गोळ्या क्वचितच.

शाळेत जे एनसीसीत होते त्यांना यातले अर्धे आठवत असेल. .२२ रायफल, २५ मीटर, पालथे पडून पाच गोळ्या, आणि मग पाहायचे ते 'ग्रुपिंग'. आधी गट, मग नेम, हा क्रम कवायतीचा भाग म्हणून आपण घोकला. त्यामागे हाइथ आणि मँचेस्टर होते, हे ठाऊक नव्हते.

आज आपल्या महाराष्ट्राला हा विषय परका नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले. या टार्गेटवरचे दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. एकाच कंपनीच्या .२२ काडतुसांची एक बॅच एका नळीला मानवते, दुसरी मानवत नाही. म्हणून मोठे नेमबाज कारखान्याच्या रेंजवर आपली नळी शिकंजात आवळून वेगवेगळ्या बॅचेस तपासून घेतात. स्पर्धेत मात्र टेकूला मनाई. तिथे हात, खांदा, श्वास आणि नियमाने जिथे चालतो तिथे पट्टा. नळी आणि काडतूस यांची शंका आधीच मिटलेली असते, म्हणून चुकलेली गोळी नेमबाज स्वतःच्या नावावर निमूटपणे घेऊ शकतो.

माझ्या कामातही हेच चालते. प्रोग्रॅम बिघडला की दोष कुणाचा यावर लगेच वाद सुरू होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सारे घट्ट धरून ठेवायचे, एवढे केले की वाद निम्मा मिटतो. आपल्या बॅचमधल्या अनेकांची मुले आता रेंजवर, मैदानावर, क्लासला जातात. त्यांची गोळी बाजूला लागली तर रागावण्याआधी बंदूक एकदा वाळूच्या पिशवीवर ठेवून पाहावी. दोष तिथे निघाला तर मूल वाचते. नाही निघाला, तर निदान कुठून शिकवायला सुरुवात करायची ते कळते.