करीच्या दिवसाचं पित्त

आमच्या घरात दारू कुणी प्यायलेलं नाही. आजोबांना एकदा ताप आला होता, मला पित्त झालं होतं आणि थोरल्या चुलतभावाला कावीळ झाली. घरातल्या बायकांना विचारलंत तर त्या आजही हेच सांगतील, आणि त्या खोटं बोलतात असं मला म्हणवत नाही. एखादी गोष्ट इतकी वर्षं त्याच शब्दांत सांगितली की तिचाच घराचा इतिहास होतो. मला या तीन आजारांच्या मागचा इतिहास लिहायचा आहे.

पित्त माझं, म्हणून तिथूनच सुरू करतो. साल १९९४. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला तालुका होता. वेगळा जिल्हा झाला १ मे १९९९ला. मी सोळा वर्षांचा, नुकताच दहावी पास झालेला. दिवस पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे करीचा. पुण्या-मुंबईकडे श्रावण लागायच्या आधीची गटारी गाजते. आमच्याकडे श्रावण संपल्यावरची करही तेवढीच गाजते. पोळा श्रावणातल्या अमावास्येला. महिनाभर जे पाळलं ते दुसऱ्या दिवशी सुटतं. श्रावणाला असं दोन्ही बाजूंनी दारूचं कुंपण आहे. करीला गावात घरोघर मटण शिजतं, फक्त माळकऱ्यांच्या घरी शिजत नाही. आमचं घर माळकरी. नामदेवांची नरसी आमच्यापासून जवळ, आणि आजोबांची तिथली एकादशी कधी चुकली नाही. त्यामुळे करीच्या दुपारी आमच्या घरातली तरणी पोरं ‘शेताकडं चक्कर मारून येतो’ म्हणून निघत, आणि मोठी माणसं त्यांना ‘कामून?’ असं विचारत नसत. हे न विचारणंसुद्धा रीतीतच बसत होतं.

त्या वर्षी दादा मला सोबत घेऊन गेला. दादा म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा, बावीस वर्षांचा. कडब्याच्या गंजीमागे चार जण बसले होते. देशी संत्रा, स्टीलचा पेला आणि कागदावर शेंगदाणे. चवीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. संत्र्याच्या गोळीत रॉकेल मिसळावं तशी होती. पहिला पेला दादाने दिला. दुसरा मी मागितला. दादा नको म्हणाला, तेव्हा मी तो त्याच्या हातातून ओढून घेतला. हे मी आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मग मी खूप बोललो. शिंगांना ताजा रंग असलेल्या आमच्या बैलाच्या गळ्यात पडून रडलोही, असं नंतर कळलं. जमीन खाचरातल्या गाडीसारखी हेलकावे खायला लागल्याचं तेवढं मला आठवतं. दिवेलागणीला दादाने मला पाठीवर घेऊन गोठ्याच्या दाराने घरात आणलं.

आजीने वास घेतला आणि एक अक्षर न बोलता गोठ्यातच बाज टाकली. बादली ठेवली, थोड्या वेळाने मीठ घातलेलं ताक आणलं. शेजारची बाई डोकावली तर आजी म्हणाली, “पित्त झालंय लेकराला. दिवसभर उन्हात हिंडलं.” तो दिवस ढगाळ होता. तेवढ्यात वडील आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुंटीवरचा कासरा काढला आणि अंगणात जाऊन दादाला झोडपलं. काका, म्हणजे दादाचे सख्खे वडील, बाजूला उभे राहून म्हणत होते, “मारा, अजून मारा. लेकराला नासवलं यानं.” मला कुणी बोटही लावलं नाही. बाजेवरून मला सगळं ऐकू येत होतं.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं १९१९ साली, खुद्द गडकरी गेल्यानंतर काही आठवड्यांत. आमच्या गावात ते कुणी पाहिलं असेल असं वाटत नाही, पण ‘तळीराम’ हा शब्द नाटकाचं तिकीट न काढता गावोगाव पोचला. सुधाकर मुळात गुणी, हुशार वकील, आणि त्याच्या हातात पहिला पेला देणारा तळीराम. ही मांडणी मराठी घरांना फार सोयीची पडली. पोरगं पिऊन आलं की घर आधी तळीराम शोधतं. तो सापडला की आपल्या पोराचं पित्त होतं. आमच्याकडे तर तो घरातच सापडला. दादाला पहिला पेला कुणी दिला होता, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

त्या रात्री आजी गोठ्यातच बसून होती. मला ओकाऱ्या होत होत्या आणि ती पाठीवरून हात फिरवत होती. मधेच हसून म्हणाली, “तुझ्या आज्यालाबी असाच ताप आला होता.”

आजोबांचा ताप आम्हाला ठाऊक होता, पण वेगळ्या गोष्टीतला. त्यासाठी निजामाच्या राज्यात जावं लागतं. हैदराबाद संस्थानात आबकारी हे सरकारी उत्पन्नाचं बडं खातं होतं. ताडी, शिंदी, मोहाची दारू, सगळ्यावर सरकारचा हात. दुकानांचा हर्रास व्हायचा. आमच्या भागात ओढ्यानाल्यांच्या काठाने शिंदीची झाडं रांगेने उभी असत. खोडाच्या वरच्या अंगाला खाच पाडून मडकं बांधायचं. हिवाळ्यात पहाटे उतरवलेला रस गोड असतो, लेकरांनाही देतात. ऊन चढलं की तो आपोआप आंबायला लागतो, दुपारी आंबट होतो, संध्याकाळपर्यंत डोक्यात जाण्याजोगा. त्याला ना भट्टी लागते, ना गूळ, ना नवसागर. गरिबाची दारू म्हणतात ती हीच, आणि तिजोरीला ती गरिबाकडूनच पैसा मिळवून देत होती.

म्हणून १९४७-४८च्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचा एक कार्यक्रमच झाला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसने ७ ऑगस्ट १९४७ला भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळला, आणि पुढचं वर्षभर जंगल सत्याग्रह, लेव्ही नाकारणं, झाडतोड असं चालू राहिलं. झाडावर घाव घातला की एका दगडात दोन पक्षी मरत: निजामाचा महसूल बुडायचा आणि दारूबंदीचं गांधींचं कामही व्हायचं. शाळकरी पोरं यात पुष्कळ होती, कारण कुऱ्हाड चालवायला वयाचा दाखला लागत नाही. रझाकारांचा धाक होताच. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे निजामाची हद्द संपली. लढ्यातले कार्यकर्ते तिकडे आसरा घेत.

आजोबा तेव्हा सोळा-सतराचे. आमच्या घरची गोष्ट अशी: त्यांनी रात्री साथीदारांबरोबर ओढ्याकाठची झाडं तोडली, थंडीत भिजले, तापाने फणफणले आणि तीन दिवस कणगीमागे लपून होते. १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, शाळेत भाषण करायला मी ही गोष्ट दोनदा वापरली होती आणि एकदा बक्षीसही घेतलं होतं.

आजीने उरलेली गोष्ट त्या रात्री सांगितली. ती तेव्हा तेरा वर्षांची, नुकतीच नांदायला आलेली. झाडं तोडली हे खरंच. पण झाडाला मडकी होती. दिवसभराची, आंबून तयार. पोरं घामाघूम झालेली, पहाट व्हायला वेळ होता, आणि शिंदी ओढ्यात ओतून द्यायची कुणाला बुद्धी झाली नाही. आजोबा घरी आले ते दोघांच्या खांद्यावर. पणजोबांपुढे तेव्हा अडचण दुहेरी. पोरगं झाडं तोडून आलंय हे आबकारीवाल्यांना आणि रझाकारांना कळता कामा नये, आणि पिऊन आलंय हे गावाला कळता कामा नये. त्यांनी एकच उत्तर काढलं: ताप. पुढे राज्य बदललं. पहिलं गुपित अभिमानाचं झालं आणि उघड सांगता आलं. दुसरं तसंच कणगीमागे राहिलं. कुऱ्हाड इतिहासात गेली, मडकं गेलं नाही.

पणजोबांनी ताप उतरताच पोराला नरसीला नेऊन गळ्यात तुळशीची माळ घातली. आम्हाला वाटायचं, आजोबा लहानपणापासूनच भाविक.

माझ्या वेळी त्यांनी आठ-दहा दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. नंतरच्या एकादशीला पहाटे उठवून म्हणाले, “चल.” रस्ताभर गप्प. नरसीला दर्शन झालं, आणि त्यांनी खिशातून माळ काढली. मी त्यांना मडक्याबद्दल विचारणार होतो. हिंमत झाली नाही. ते एवढंच म्हणाले, “ही घातली की लोक हातात पेला देत नाहीत. निम्मं काम तिथंच होतं.” उपदेश म्हणून इतकं व्यवहारी वाक्य मी पुन्हा ऐकलं नाही. माळ मी शिकायला बाहेर पडेपर्यंत वागवली. सोबत आलेल्या दादाने स्वतःसाठी माळ मागितली होती. आजोबा म्हणाले, “तुझं बघू पुढं.” तो देवळाच्या पायरीवर आमच्या चपला राखत बसला.

मधली पिढी, वडिलांची, दारूबंदीत वाढली. मुंबई राज्याचा कायदा १९४९चा. मराठवाडा १९५६ला त्या राज्यात आला आणि पुढच्या काही वर्षांत कायदाही आला. निजामाच्या काळी झाड सरकारच्या नजरेत होतं. आता पिणारा आला. मग हातभट्टी रानात गेली, आणि बाटली औषधाच्या कपाटात. १९५१च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोल असलेली औषधं बंदीतून वगळली होती. टिंक्चर आणि आसवांच्या बाटल्या त्या काळात जितक्या रिकाम्या झाल्या तितकी खोकली मराठी माणसं नसावीत. पांढरपेशा घरातल्या कित्येक मुलांची पहिली झिंग द्राक्षासवाची. आमच्या वडिलांना त्याचा वास आवडत नाही असं ते जरा जास्तच ठासून सांगतात, तेवढ्यावर मी थांबतो.

१९७३ला देशी दारूचे नियम आले, दुकानाला परवाना मिळाला आणि संत्र्याची बाटली तालुक्याच्या बाजारात दिसू लागली. कायद्याचं नाव मात्र आजही दारूबंदी कायदाच आहे. या राज्यात बिअर प्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूला २५. म्हणजे १९९४च्या करीला गंजीमागे बसलेल्यांपैकी आजच्या नियमात बसणारा जेमतेम एक निघाला असता.

दादाला त्या माराने काही झालं नाही. म्हणजे तो थांबला नाही. गावाने त्याला तळीराम म्हणायला सुरुवात केली होती आणि नावाप्रमाणे तो होत गेला. करीची दारू बाजारच्या दिवसाची झाली, मग रोजची. घरचे उपाय ठरलेले होते: मार, आण घालणं, लग्न करून देणं, पुन्हा आण घालणं. आईच्या डोक्यावर हात ठेवून त्याने किती वेळा शपथ घेतली याची मोजदाद नाही, आणि प्रत्येक वेळी ती त्याने मनापासूनच घेतली असावी. अनिल आणि सुनंदा अवचटांनी पुण्यात मुक्तांगण सुरू केलं १९८६ला. व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार असतात, घरच्यांनाही त्यात सामील करून घेतात, हे मी पुण्यात शिकायला आल्यावर वाचलं. मी घरी फोन करून सांगितलंही. वडील म्हणाले, “आजार काय? आपल्यात कुणाला नाही तो.” मी दुसऱ्यांदा फोन केला नाही. दादाला घेऊन यायला मला एक रात्र एसटीत काढावी लागली असती. ती मी काढली नाही.

तो २०१०ला गेला, अडतीसाव्या वर्षी. पोटात पाणी झालं होतं, डोळे पिवळे. कावीळ होतीच; त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी गावातल्या बायकांनी दुकान बंद करण्यासाठी अर्ज करायचं ठरवलं. २००८च्या आदेशाने तशी सोय आहे. चौथा हिस्सा बायकांनी सह्या केल्या तर मतदान घेतात, मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात. आडव्या बाटलीला एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. जे आलेच नाहीत तेही विरोधातच मोजले गेल्यासारखे. आमच्या गावात गोष्ट मतदानापर्यंत गेलीच नाही. सह्याच पुरल्या नाहीत.

मी त्या वेळी गावी होतो. देवळाच्या ओट्यावर बायका कागद घेऊन बसल्या होत्या. काकू, दादाची आई, सगळ्यांत आधी आलेली. तिने अंगठा उठवला, शाई पदराला पुसली. लिहून घेणारी मुलगी बाहेरगावची होती, तिला माहीत नव्हतं. तिने आपुलकीने विचारलं, “मावशी, तुमच्या घरचं कुणी गेलं का दारूनं?”

“नाही गं माय,” काकू म्हणाली. “माझा लेक काविळीनं गेला.” आणि पुढच्या बाईला जागा करून देत ती ओट्यावरून उतरली.