आणलेले घर

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे आपले वाडवडील सांगून गेले. घर आणून पाहावे, असे मात्र कोणी सांगितले नाही. कारण त्यांच्या काळी घर आणण्याची चाल नव्हती. आज ती आहे. कारखान्यात सिद्ध झालेली लोखंडी खोली गाडीवर चढते आणि सांगाल त्या जागी येऊन बसते, असा सर्वांचा समज आहे. माझाही होता.

मी शीव कोळीवाड्याचा रहिवासी. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेटाची सीमा इथे संपे. येथील गल्ल्या डोक्यावर पाटी घेऊन चालणाऱ्या माणसांच्या मापाने पडलेल्या आहेत. गतवर्षी आम्ही पाच-सात जणांनी वर्गणी काढून मुलांच्या अभ्यासासाठी अशी एक खोली मागविली. लांबी वीस फूट, रुंदी आठ फूट. जागा मी स्वतः तीन वेळा मोजली. पहाटे पाच वाजता गाडी आली आणि अकरा फुटी गल्लीच्या काटकोनी वळणावर अडली. वर विजेच्या तारा, खाली लोकांची वाहने. दोन तासांनी गाडी आली तशी परत गेली आणि दोन्ही खेपांचे भाडे आमच्या माथी बसले. शेजारची कोळीण आजी एवढेच म्हणाली, “घर आनलंत मास्तर, पन वाट कुनी मापली?”

ज्याने जन्मभर भूमिती शिकविली, त्याला हा प्रश्न विचारला जावा, ही शरमेची गोष्ट होती. अकरा फुटी गल्लीच्या काटकोनातून आठ फूट रुंदीची पेटी सुमारे पंधरा फुटांहून लांब असेल, तर ती कोणत्याही युक्तीने वळत नाही. हे गणित मी घर परत गेल्यावर केले! त्यानंतर मात्र, पूर्वीच्या लोकांनी घरे कशी आणली, हे मी शोधू लागलो.

पहिले उदाहरण आपल्याच मुंबईत सापडले. काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत, जिला पुढे एस्प्लनेड मॅन्शन म्हणू लागले, ती अशीच आणलेली आहे. रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज स्थापत्यविशारदाने तिचा आराखडा केला. लोखंडी खांब व तुळया विलायतेत तयार झाल्या. आणि १८६७ ते १८६९ या काळात त्या येथे जोडण्यात आल्या. सुएझचा कालवा खुला झाला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. तोवर विलायतेचा जड माल आफ्रिकेस वळसा घालून येई. एखादा भाग चुकला, तर दुसरा येण्यास महिने लागत. म्हणून प्रत्येक जोड कागदावर आधीच जुळलेला असणे भाग होते. याच वास्तूत १८९६ च्या ७ जुलैस ल्युमिएर बंधूंची चलचित्रे हिंदुस्थानात प्रथम दाखविली गेली.

दुसरे उदाहरण त्याहून बोधप्रद आहे. क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांचे हाल पाहून इंग्रज सरकारने १८५५ साली इसांबार्ड ब्रूनेल या अभियंत्यास एक रुग्णालय करून धाडण्यास सांगितले. जागा तुर्कस्तानात, दार्दानेल्सच्या काठी रेंकिओई येथे. ब्रूनेलने लाकडी कक्ष योजिले. एक कक्ष लंडनमध्ये पॅडिंग्टन येथे उभारून पाहिला आणि नियम घातला की, कोणताही नग दोन माणसांना उचलता येईल एवढाच असावा. जमीन उंचसखल निघाली तरी बैठक जमावी, सांडपाणी कोठे जाईल हे आधी ठरावे, आग लागू नये म्हणून स्वयंपाकघरे लोखंडाची व कक्षांपासून वेगळी असावीत, इतका विचार त्याने घरी बसून केला. तिथे ती उभारणी पाहणारा जॉन ब्रंटन पुढे सिंध रेल्वेचा प्रमुख अभियंता म्हणून तेव्हाच्या हिंदुस्थानात आला. २०२० साली महामारीत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हजार खाटांचे तात्पुरते रुग्णालय काही आठवड्यांत उभे राहिले, तेव्हा तीच जुनी विद्या कामी आली.

तिसरे उदाहरण आमच्या दारचे. १९४७ च्या फाळणीनंतर निराधार होऊन आलेल्या अनेक कुटुंबांना शीव कोळीवाड्याच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी बांधव उतरले. त्या छावणीचे १९४९ साली उल्हासनगर झाले. बराक म्हणजे चार दिवसांची सोय. परंतु माणसे राहिली, मुले झाली, दुकाने लागली, आणि जुन्या कोळीवाडा स्थानकास गुरु तेग बहादूर नगर हे नाव मिळाले. तात्पुरते म्हणून जे येते, ते पुष्कळदा राहून जाते; यास्तव त्याची जागा कायमची समजूनच निवडावी.

हे वाचल्यावर आम्ही पुन्हा प्रयत्न केला. या वेळी प्रथम आजीला विचारले. आम्ही निवडलेली मोकळी जागा पिढ्यान्‌पिढ्या जाळी वाळविण्याची आहे, हे तेव्हा कळले! कागदावर ती रिकामी होती, वहिवाटीत नव्हती. खोली एका कडेस सरकविली. जाळ्यांना जागा राहिली. शेजाऱ्यांची संमती आणि कचेरीची परवानगी घेतली. २००५ च्या २६ जुलैचे पाणी कोठवर चढले होते, ते जुन्या लोकांनी भिंतीवर दाखविले. त्याच्या वर येईल असा पक्का ओटा बांधला आणि पाण्याच्या नळीने चारही कोपरे एका पातळीत आणले, कारण एक कोपरा खचला तर दार अडते. मग खोली सुट्या भागांत मागविली. प्रत्येक भागावर अंक घातलेला होता आणि दोन माणसे तो सहज उचलीत होती.

सगळे भाग त्याच वळणावरून माणसांच्या खांद्यांवर आत आले. गाडीला जी वाट अरुंद होती, ती माणसांना पुरली. आता संध्याकाळी तिथे दिवा लागतो, मुले वाचीत बसतात आणि बाहेर जाळी वाळत असतात.

श्रोतेहो, तुमच्या वस्तीत असे घर येणार असेल, तर त्याची किंमत शेवटी विचारा. आधी वाट मोजा, पाण्याची खूण पाहा, आणि ती जागा आज कोणाच्या उपयोगाची आहे, हे त्या माणसाच्या तोंडून ऐका.