मार्शम घराण्याची वसंतवही

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम (१७०८-१७९७) हा जमीनदार राहत असे. झाडे लावण्याचा त्याला नाद होता. १७३६ पासून त्याने एक साधी नोंद ठेवायला सुरुवात केली. स्नोड्रॉप, वुड ॲनिमोनी ही फुले प्रथम केव्हा उमलली, ओकला पालवी केव्हा फुटली, बेडूक केव्हा ओरडू लागले, आफ्रिकेतून माळभिंगरी केव्हा परतली, अशा २७ खुणांच्या तारखा तो टिपत असे. १७८९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या प्रसिद्ध झाल्या. पुढील पिढ्यांनी, मधला काही काळ वगळता, हे काम १९५८ पर्यंत चालवले.

या तारखांचा उपयोग काय, असे आपले विद्यार्थी नक्की विचारतील. १९९५ मध्ये स्पार्क्स आणि केरी या संशोधकांनी त्या जुन्या तापमानाच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या. हिवाळ्याची अखेर उबदार असली की फुले आणि पालवी लवकर येतात, असे दिसले. स्थलांतरित पक्ष्यांच्या तारखा मात्र तितक्या हलत नव्हत्या. यात नवल नाही. ओकला जागच्या जागी ऊब मिळते. आफ्रिकेतून निघणाऱ्या पक्ष्याला नॉरफोकची हवा कशी कळावी?

यातील धोका नेदरलंड्समध्ये दिसला. तेथे येणारा एक माशीमार पक्षी पिलांना सुरवंट भरवतो आणि हे सुरवंट ओकच्या कोवळ्या पानांवर वाढतात. १९८० ते २००० या काळात वसंत लवकर येऊ लागला, पक्षी मात्र पूर्वीच्याच सुमारास येत राहिले. जेथे सुरवंटांचा हंगाम सर्वांत लवकर उरकत होता, तेथे या पक्ष्यांची संख्या सुमारे दोन दशकांत ९० टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

मार्शमपुढे हा प्रश्न नव्हताच. तीच जागा, त्याच खुणा आणि दरवर्षीची तारीख, एवढीच त्याची शिस्त. म्हणून त्याची वही दोनशे वर्षांनी उपयोगी पडली. दुर्दैव असे, की तापमानवाढीचा वेग वाढण्यापूर्वीच ती बंद झाली.

आपल्या शाळेच्या आवारात पांगारा किंवा बहावा असेल, उन्हाळ्याच्या अखेरीस पावशा ओरडत असेल. मुले दरवर्षी पुढच्या वर्गात जातात, झाड तेथेच राहते. हजेरीपटाशेजारी अशी एक वही ठेवली, तर ती पुढच्या शिक्षकाच्या हाती सोपवता येईल.